तुटलेला तुकडा टाकू नका : ट्रकचा ॲक्सल शाफ्ट बदलण्यापूर्वी

गोव्यातल्या साखळीहून निघून केरीमार्गे चोर्ला घाट चढणारी भरलेली गाडी जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर येते. पुढे कणकुंबी, जांबोटी आणि मग बेळगाव. या वाटेवर मागच्या ॲक्सलची जशी परीक्षा होते तशी सरळ महामार्गावर क्वचितच होत असेल. अरुंद वळणावर समोरून बस येते, गाडी थांबवावी लागते, मागचं एक चाक कडेच्या तांबड्या चिखलात उतरतं. ड्रायव्हर पहिला गिअर टाकून रेस देतो, चाक जागच्या जागी फिरतं आणि फिरता फिरता अचानक डांबराची कड पकडतं. त्याच क्षणी खट्ट आवाज होतो. इंजिन चालू आहे, गिअर पडलेला आहे, प्रॉपेलर शाफ्टही फिरतोय, पण गाडी हलत नाही.

अशा वेळी गाडीमालकाचा पहिला फोन जातो तो बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या सुट्या भागांच्या दुकानात: अमुक मॉडेलचा शाफ्ट पाठवून द्या. इथंच बहुतेक वेळा पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. शाफ्ट मॉडेलच्या नावावर घ्यायची वस्तू नाही. तो गाडीखाली प्रत्यक्ष बसलेल्या ॲक्सलच्या मापावर घ्यायचा आणि आधीचा का तुटला ते समजून घेऊनच घ्यायचा. तुटलेले दोन्ही तुकडे हातात असतील तर दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यांच्यातच मिळतात. म्हणून पहिली विनंती ही, की नवा बसवून गाडी मार्गी लागेपर्यंत तुटलेला शाफ्ट भंगारात देऊ नका.

मापांकडे वळण्याआधी रस्त्यावरच्या धोक्याचं बोललं पाहिजे, कारण घाटात तो जिवावरचा असतो. एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शिअलची सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूनं निघून जाते, दुसऱ्या चाकाला काही मिळत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही आता इंजिनाच्या जोरावर अडून राहत नाही. उतारावर शाफ्ट तुटला तर इंजिनाचा अडसर संपतो आणि सारा भार पायाच्या ब्रेकवर येतो. काही जुन्या आणि हलक्या गाड्यांमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट तुटल्यावर तो ओढला तरी गाडी धरून ठेवत नाही. तेव्हा आधी चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, ब्रेकवरचा पाय त्यानंतरच काढा. मागे पुरेशा अंतरावर खूण ठेवा. घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून मदतीला कुणाला पाठवायचं झालं तर गाडीजवळ एक माणूस थांबलाच पाहिजे.

गाडी ओढून न्यायची असेल तर दोन्ही बाजूंचे शाफ्ट काढून घेतलेले बरे. मग चाकं फिरली तरी डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्स फिरत नाहीत. हबची उघडी तोंडं मात्र पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक लावून नीट झाका. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात उघडा हब म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी आणि गाळ.

हे सगळं झालं फुल फ्लोटिंग ॲक्सलबद्दल. मध्यम आणि जड ट्रकांना हाच असतो. यात गाडीचं वजन हबची बेअरिंग आणि हाउसिंगची नळी पेलतात, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. ओळखायला सोपा: चाकाच्या मधोमध हब पुढे आलेला दिसतो आणि त्यावर शाफ्टची फ्लँज गोलाकार नट-स्टडांनी आवळलेली असते. ते नट काढले की चाक न उतरवताच शाफ्ट बाहेर येतो. छोट्या पिकअप गाड्यांमध्ये मात्र बहुधा सेमी फ्लोटिंग पद्धत असते. तिथं शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. बेळगावहून रोज पहाटे गोव्याला भाजीपाला घेऊन जाणाऱ्या छोट्या गाड्यांच्या मालकांनी हा फरक लक्षात ठेवावा. तुमच्या गाडीचा शाफ्ट तुटला किंवा त्याचं बेअरिंग सुटलं तर चाक शाफ्टासकट बाहेर येऊ शकतं. ती गाडी हळूहळू गावापर्यंत नेऊ असं म्हणू नका, जागेवरच दुरुस्त करा किंवा उचलून न्या.

आता तुकडा हातात घ्या. कापडानं पुसा, पण तुटलेल्या तोंडावर ग्राइंडर किंवा कानस फिरवू नका. उजेडात नीट पाहा. तोंडाच्या एका कडेपासून शिंपल्यावरच्या वळ्यांसारख्या बारीक रेषा आत सरकलेल्या दिसल्या, त्यांच्यावर काळपट किंवा गंजाची झाक असली आणि उरलेला छोटा भाग ताजा, खरबरीत असला, तर शाफ्ट काही आज तुटलेला नाही. तडा आधीच कधीतरी पडला होता, तो रोज थोडा थोडा वाढला आणि आजच्या हिसक्यानं उरलेला भाग गेला. ही थकव्याची तूट. अशा वेळी ड्रायव्हरला बोल लावण्यात अर्थ नाही. तडा कुठून सुरू झाला ते शोधा. वेल्डिंगचा ठिपका, हातोड्याची खोच, गंजाचा खड्डा, स्प्लाइनच्या दात्याचं मूळ, अशाच जागी त्याचा जन्म होतो.

थकव्याची तूट फ्लँजच्या जवळ असेल तर संशय हबकडे आणि हाउसिंगकडे वळवा. फुल फ्लोटिंग शाफ्टवर वाकवणारा जोर यायलाच नको. तो येतो तेव्हा हबची बेअरिंग सैल झालेली असतात, फ्लँजचे स्टड ढिले असतात किंवा हाउसिंगची नळीच वाकलेली असते. वाकलेल्या हाउसिंगमध्ये कितीही महागडा शाफ्ट घाला, प्रत्येक फेऱ्याला तो एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला वाकणार आणि पुन्हा तिथंच तुटणार. त्याच बाजूचा शाफ्ट थोड्या काळात दुसऱ्यांदा तुटला, तर नव्याची ऑर्डर देण्याआधी हाउसिंगची सरळ रेषा तपासून घ्या. माझ्या मते हा खर्च टाळणं ही या कामातली सगळ्यात महागडी काटकसर आहे.

याउलट स्प्लाइनचे दाते पिळून तिरके झालेले असतील आणि तूट ताजी असेल, तर एकदम आलेल्या जोरानं शाफ्ट गेला. हा जोर किती असतो याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन मीटर, पहिल्या गिअरचं प्रमाण ६ आणि क्राऊन-पिनियनचंही ६ धरलं, तर ॲक्सलपर्यंत १४,४०० न्यूटन मीटर येतो. दोन्ही शाफ्टांना निम्मा निम्मा, म्हणजे ७,२०० वाटला जातो. हा झाला शांतपणे क्लच सोडल्यावरचा आकडा. चिखलात वेगानं फिरणारं चाक एकदम जमीन पकडतं तेव्हा फिरत्या चाकांची आणि इंजिनाची साठलेली सगळी गती क्षणात शाफ्टावर आदळते. डिफरन्शिअल लॉक लावलेला असेल आणि दुसरं चाक अधांतरी असेल, तर जवळपास सगळा जोर एकट्या शाफ्टला सोसावा लागतो.

निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर पट्ट्यात ऊसतोडणीच्या हंगामात हेच घडतं. ओल्या रानातून भरलेली गाडी बाहेर काढताना रेस देऊन झटक्यानं क्लच सोडला जातो. फुल फ्लोटिंग ॲक्सलमध्ये वजन शाफ्टावर नसतं, मग जादा भरलं तर शाफ्ट का तुटावा, असं काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. कमी वजनात टायर घसरून जातो आणि शाफ्ट वाचतो. जादा वजनात टायर जमिनीला घट्ट चिकटतो, घसरायला तयार होत नाही, आणि मग पूर्ण जोर शाफ्टला झेलावा लागतो. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं चार टायरांच्या एका ॲक्सलवरची वजनाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. कागदावरचा आकडा वाढला म्हणून त्याआधी बनलेल्या गाडीचा शाफ्ट जाड झालेला नाही. तुमच्या आरसी बुकात जे वजन लिहिलंय तेच धरून चाला.

कारण कळलं, आता ओळख. दुकानदाराला चेसिस नंबर जरूर द्या. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगात त्यावरून शाफ्टचा पार्ट नंबर निघतो. गाडी पहिल्या मालकाकडेच असेल आणि मागचा ॲक्सल कधी बदललेला नसेल, तर निम्मं काम तिथंच झालं. आपल्या सीमाभागात मात्र गाड्या हात बदलत राहतात. केए २२, केए २३ आणि एमएच ०९ यांच्यात जुन्या गाड्यांची देवाणघेवाण वर्षानुवर्षं चालू आहे. गोव्यातल्या खाणींवर राबलेले टिपरही पुढे इकडे विकले गेले. अशा गाडीखाली आज कोणता ॲक्सल आहे हे आरसी बुक सांगू शकत नाही. गाडीवर एका कंपनीचं नाव आणि ॲक्सल दुसऱ्याच कारखान्याचा असंही सर्रास असतं. म्हैसूरचा ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स हा १९८१ मध्ये स्थापन झालेला कारखाना वेगवेगळ्या ट्रक कंपन्यांना ॲक्सल पुरवतो. म्हणून हाउसिंगवरचा चिखल आणि तेलकट थर वायर ब्रशनं काढून तिथली पट्टी किंवा कोरलेला नंबर वाचा. फोटो काढून दुकानदाराला पाठवा. जुन्या शाफ्टच्या फ्लँजवरही बऱ्याचदा नंबर उमटवलेला असतो.

दहा चाकी गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट आधी ठरवावी. मागच्या दोन ॲक्सलपैकी दोन्ही चालते आहेत की एक नुसता वजन पेलणारा आहे? दोन्ही चालते असतील तर शाफ्ट चार, आणि पुढच्या ॲक्सलचे मागच्यासारखेच असतील असं गृहीत धरता येत नाही. डावा आणि उजवा यांचीही तीच गोष्ट. डिफरन्शिअल हाउसिंगच्या बरोबर मधोमध नसेल तर एक शाफ्ट लांब, एक आखूड. तेव्हा 'लांबी दुसऱ्या बाजूसारखीच घ्या' असं सांगण्यापूर्वी दुसरी बाजू काढून मोजा.

मोजायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण चुका इथंच होतात. दोन्ही तुकडे सपाट जागेवर ठेवून तुटलेली तोंडं एकमेकांत बसवा. ती नीट जुळली तर कुठलाही कपचा आत राहिलेला नाही हेही कळतं. लांबी मोजायची ती फ्लँजच्या आतल्या बाजूपासून, म्हणजे जी बाजू हबला टेकते तिथपासून, स्प्लाइनच्या टोकापर्यंत. फ्लँजच्या बाहेरून मोजलं तर फ्लँजची जाडी त्यात मिसळते आणि सारं माप बिघडतं. शाफ्ट लांब पडला तर टोक डिफरन्शिअलच्या आत अडतं आणि फ्लँज हबवर टेकत नाही. मग कुणीतरी पाना लावून ती जबरदस्तीनं ओढून बसवतो आणि आतले भाग घासून जातात. आखूड पडला तर फसगत अधिक वाईट. गाडी चालते, तक्रार नसते, पण डिफरन्शिअलमधल्या सन गिअरमध्ये दात्यांची पकड थोडीशीच असते. पहिल्याच चढाला ते दाते सोलून निघतात.

स्प्लाइनचे दाते मोजताना एका दात्यावर खडूची खूण करा आणि दोन वेगळ्या माणसांनी मोजा. एका दात्याचा फरक असला तरी शाफ्ट बसत नाही. दात्यांच्या माथ्यावरचा व्यास व्हर्नियरनं घ्या. दात्यांची संख्या विषम असेल तर एका दात्यासमोर दात्याऐवजी खाच येते, व्हर्नियर तिरका बसतो आणि माप चुकतं. अशा वेळी फिरवून फिरवून सर्वांत मोठं येणारं माप धरा. स्प्लाइन किती लांबीपर्यंत कापलेलं आहे तेही टिपा. दात्यांच्या बाजूंचा कोन आपल्याला साध्या साधनांनी मोजता येत नाही. त्यामुळे दाते मोजून सारखे भरले तरी शाफ्ट तोच असेल याची खात्री देता येत नाही. खात्रीचा एकच मार्ग आहे: नवा शाफ्ट प्रत्यक्ष सन गिअरमध्ये घालून पाहणं. तो हातानं, हातोड्याशिवाय, आत सरकला पाहिजे आणि सरकल्यावर खडखडला नाही पाहिजे. दुकानदाराकडून 'बसला नाही तर परत' असं बिलावर लिहून घ्यायला संकोच करू नका.

फ्लँजची भोकं किती, भोकाचा व्यास किती आणि समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर किती, हे लिहून ठेवा. काही फ्लँजची भोकं उतरती असतात, त्यांत शंकूच्या आकाराचे कोन बसतात. सरळ भोकांची फ्लँज तिथं चालत नाही. फ्लँजवर बऱ्याचदा आटे पाडलेली दोन जादा भोकंही असतात. ती शाफ्ट बाहेर ढकलण्याचे बोल्ट लावण्यासाठी असतात, स्टडांच्या भोकांत ती मोजू नका. शेवटी शाफ्टच्या अंगाचा व्यास. तो बारीक असलेला स्वस्त शाफ्टही स्प्लाइन आणि फ्लँज जुळल्यामुळे बसतो आणि इथंच लोक फसतात. गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. ४२ मिलिमीटरच्या जागी ४० मिलिमीटर आला तर डोळ्याला फरक दिसणार नाही, पण ताकद जवळजवळ १४ टक्क्यांनी घटते.

मापं जुळली की प्रश्न उरतो मालाचा. चांगला शाफ्ट एकसंध फोर्जिंगचा असतो, म्हणजे दांडा आणि फ्लँज एकाच तापवलेल्या पोलादातून ठोकून घडवलेली असतात. त्यानंतर त्याचा पृष्ठभाग इंडक्शन पद्धतीनं कडक केला जातो आणि गाभा मुद्दाम चिवट ठेवला जातो. कडक कातडी पीळ आणि झीज सोसते, चिवट गाभा हिसका पचवतो. यातलं एक नसलं की शाफ्ट टिकत नाही. फ्लँज आणि दांड्याच्या सांध्यात वेल्डिंगची रेष दिसली तर तो शाफ्ट फुकट मिळाला तरी घेऊ नका. तिथला गोलवा गुळगुळीत असावा, त्यावर हत्याराच्या खोल रेघा नसाव्यात. शाफ्ट दोन टोकांवर टेकवून फिरवून पाहा, वाकडा असेल तर लगेच कळेल.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप भरपूर आहेत. तिथले कारागीर हवं ते स्प्लाइन कापून देतील इतके हुशार आहेत. त्यामुळे जुन्या, बंद झालेल्या मॉडेलसाठी शाफ्ट बनवून घेण्याचा मोह होतो. तो वाईट नाही, पण ऑर्डर देताना तीन गोष्टी विचारा. पोलाद कोणत्या ग्रेडचं आणि त्याचं प्रमाणपत्र आहे का? हार्डनिंग कुठं होणार आणि ते स्प्लाइनपर्यंत पोहोचणार का? शेवटी हार्डनेस मोजून देणार का? साध्या बाजारी सळईवर सुंदर टर्निंग केलेला शाफ्ट दिसायला कंपनीच्या शाफ्टपेक्षा देखणा असू शकतो आणि पहिल्या घाटात पिळतो. उलट, नुसता जास्त कडक केलेला शाफ्टही नको. तो न पिळता काचेसारखा तडकतो. मूळ आराखड्यापेक्षा फार ताकदवान शाफ्ट टाकून गाडी अजिंक्य होईल हेही खरं नाही. मग जोर पुढच्या कमकुवत जागेवर जातो आणि ती जागा क्राऊन-पिनियन किंवा सन गिअर असली तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

वापरलेला शाफ्ट घ्यायचाच झाला तर स्प्लाइन बारकाईनं पाहा. सर्व दाते दांड्याशी समांतर हवेत. पीळ दिसला की नकार द्या. दात्यांवर पायरी पडलेली असेल किंवा ऑइल सील बसते ती जागा खोलगट झाली असेल तरी नको. तडे शोधण्यासाठी रंगाची डाय पेनिट्रंट तपासणी करून घेता येते. तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून पुन्हा घालणं मात्र कुणीही, कितीही अनुभवी मिस्त्री सांगत असला तरी, करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं हार्डनिंग नाहीसं होतं.

बसवण्यापूर्वी आत अडकलेला तुकडा काढावा लागतो. लांब दांडीला लावलेल्या चुंबकानं तो येतो का ते आधी पाहा. येत नसेल तर डिफरन्शिअल उतरवा. तेलकट हाउसिंगमध्ये वेल्डिंगची कांडी चिकटवून तुकडा ओढण्याची पद्धत आगीला निमंत्रण देते आणि विजेचा प्रवाह बेअरिंगमधून गेला तर तीही खराब होतात. जुनं तेल भांड्यात काढा आणि तळाशी लोखंडाचे कण आहेत का ते बघा. सन गिअरचे आतले दाते बोटानं चाचपून पाहा. ते झिजलेले असतील तर नवा शाफ्ट त्यांच्याबरोबर झिजेल. ऑइल सील आणि गॅस्केट नवीच घाला. त्यांची बचत करून तेल ब्रेक लायनरवर गेलं तर घाटात त्याची किंमत वेगळ्याच रीतीनं मोजावी लागते. हाउसिंगवरचा ब्रीदर साफ करा. तो चिखलानं बुजला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. तेल कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचं, हायपॉइड गिअर असतील तर बहुधा जीएल-५, आणि पातळीच्या भोकापर्यंत.

नट समोरासमोर आलटून पालटून आवळा, शेवटचा आवळ टॉर्क पान्यानं, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे द्या. खराब आट्यांचा स्टड तसाच ठेवू नका. पहिली भरलेली खेप झाली की गाडी सपाटीला लावून सगळे नट पुन्हा तपासा, हबला हात लावून तो दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त तापलाय का ते पाहा, आणि फ्लँजच्या कडेनं तेलाचा ओघळ दिसतो का तेही. या मार्गावर नेहमी चालणाऱ्या गाडीत एक जादा शाफ्ट ठेवावा. डावा-उजवा वेगळा असेल तर दोन. त्याला ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळा, स्प्लाइनला ठोकर लागणार नाही असा बांधा, आणि मापं व पार्ट नंबर रंगानं फ्लँजवर लिहून ठेवा, म्हणजे रात्री जांबोटीच्या पुढे जंगलात गाडी थांबली तर टॉर्चच्या उजेडात क्लीनरलाही कुठला कुठं लावायचा ते वाचता येईल.